सतरा एक

शाळेत रुजू झाले त्या दिवशी सर माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलले ते मला अजून आठवतं. मी स्कूटर भिंतीशी लावत होते. ते शेजारी उभे होते, हातात खडूचा डबा. गाडीच्या नंबराकडे बघून म्हणाले, "सातने जातो."

"कोण जातो?" मी विचारलं.

"तुमच्या गाडीचा नंबर. सातने भाग जातो."

"बरं. त्याचं काय करायचं?"

"काही नाही. जातो एवढंच." आणि ते वर्गावर निघून गेले.

मी साताऱ्याकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही उमेळ्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता आणि मला वसईतल्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली होती. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, शाळेत एक विक्षिप्त गृहस्थ आहेत. त्याने जेवता जेवता ताटाच्या कडेला बोटाने भागाकार केला आणि म्हणाला, "जातो गं खरंच."

सर जवळच्या निर्मळ गावचे. ख्रिस्ती कुटुंब, केळीच्या वाडीत बैठं घर, पुढे मोगऱ्याचे वाफे, मागे विहीर. उंच आणि किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशावर कायम खडूची भुकटी. नववी-दहावीला गणित शिकवायचे. मुलं त्यांना 'बाकी सर' म्हणत, कारण फळ्यावर भागाकार पुरा झाला की ते वर्गाकडे वळून "बाकी किती?" असं इतक्या उत्सुकतेने विचारत, जणू त्यांना स्वतःला ठाऊकच नाही. एवढी एक वेळ सोडली तर त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत ते डबा खिडकीशी उभं राहून खात. कोणी काही विचारलं तर हो किंवा नाही. "काय सर, बाकी काय?" असं कोणी सहज म्हटलं तर ते खरोखर विचारात पडत आणि थोड्या वेळाने सांगत, "बाकी काही नाही."

माझे वडील वारले तेव्हा सगळे शिक्षक एकदा येऊन भेटून गेले. सर वेगळे, एकटे आले. निर्मळहून सायकलने. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, आणि गप्प बसून राहिले. 'वय झालं होतं', 'सुटले', 'देवाची इच्छा', यातलं काही नाही. तासभर तसेच बसले. मग उठले, "येतो" म्हणाले आणि गेले. त्या दिवसांत माझ्याकडे जे लोक आले त्यांत मला सर्वांत बरं वाटलं ते त्या तासाभरात. आईसुद्धा म्हणाली, "कोण होते गं हे? चांगले आहेत."

घरात बोलायचं काम त्यांच्या बायकोकडे होतं. मी तिला काकू म्हणत असे, वयाने ती काही फार मोठी नव्हती. पहाटे मोगरा तोडून बाजारात पाठवायची, मग दिवसभर जो भेटेल त्याच्याशी बोलायची. चर्चच्या दारात बोलायची, विहिरीवर बोलायची, पोस्टमनला थांबवून त्याच्या सासूची चौकशी करायची. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा तिने मला माझ्या लग्नापासून फ्लॅटच्या गळक्या नळापर्यंत सगळं विचारून घेतलं आणि मध्ये मध्ये नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "यांचं मी बोलून टाकते. यांना विचारू नका, दमतात." सर कोपऱ्यात लाकडी चौकटीची दगडी पाटी मांडीवर घेऊन बसले होते. हसले. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुंपणापलीकडे काकूची धाकटी बहीण राहायची, तीही जाता-येता डोकावायची, आणि मग दोघी बहिणी आपल्या घरच्या बोलीत इतक्या भरभर बोलायच्या की मला एक शब्द कळायचा नाही. सर मात्र तेवढ्या आवाजात शांतपणे भागाकार करत बसत. मला वाटतं, त्यांना तो आवाज लागत असे.

मग एका सकाळी मोगऱ्याच्या वाफ्यात काकू पडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर एक बाई तिला बोलायचे व्यायाम शिकवायला यायची. तिने सरांना सांगितलं की अशा आजारात पुष्कळदा बोलणं जातं, पण मोजणं, प्रार्थना, गाणं, असं पाठ असलेलं काही काही शिल्लक राहतं. तुम्ही रोज हिच्याकडून अंक म्हणून घ्या. आणि सारखं बोलत राहा हिच्याशी, काहीही बोला.

काहीही बोला, हे सरांना सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढायला सांगण्यासारखं होतं. अंकांचं मात्र त्यांना जमण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकूची खुर्ची पडवीत आणली, समोर बसले आणि म्हणाले, "म्हण. एक."

"एक," काकू म्हणाली.

मेहुणी दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिला शब्द.

"दोन," सर म्हणाले.

"एक."

"दोन."

"एक. एक. एक." काकू थांबेना. डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ठोके देत, घामाघूम होत ती म्हणत राहिली. मेहुणी रडत आत गेली. मग काकू थकून थांबली आणि डोळे मिटून बसली.

सरांनी मनात मोजलं होतं. सतरा वेळा. त्यांनी पाटी घेतली आणि सतरा एक ओळीने लिहिले: १११११११११११११११११. ती पाटी तिच्यासमोर धरली आणि विचारलं, "हे म्हणालीस ना?"

काकूने डोळे उघडले आणि मान हलवली. पडल्यापासून तिने कुठल्याही प्रश्नाला मान हलवली नव्हती.

हे सगळं सरांनी मला पुढे सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, कितीतरी भेटींत. त्यांच्या मते त्या दिवशी काकूने त्यांना एक संख्या दिली होती. गणिताच्या माणसाला संख्या दिली की तो पहिला प्रश्न विचारणार, ही तुटते का? म्हणजे दुसऱ्या कुठल्या संख्येने हिला पुरा भाग जातो का, की ती मूळ संख्या आहे, एकने आणि स्वतःनेच भाग जाणारी?

"दोन एक म्हणजे अकरा. ती मूळ आहे," ते मला समजावत. "तीन एक तीनने तुटतात. चार एक अकराने. पाच एक म्हणजे एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. हिने सोळा वेळा म्हटलं असतं तर काम तिथेच संपलं असतं, सोळा एकांना अकराने भाग जातो. अठरा वेळा म्हटलं असतं तर तीनने गेला असता. ही सतरावर थांबली. सतरा स्वतः मूळ आहे, त्यामुळे असं सहज काही सांगता येत नाही. करून बघावं लागतं."

"किती करून बघावं लागेल?"

"तुटत नसेल तर दहा कोटींच्या पुढे जावं लागेल. मला दोन-तीन जन्म लागतील," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना त्याचं समाधान होतं. "रोज हिच्याशी बोलायला विषय झाला."

सगळ्याच संख्या तपासाव्या लागत नव्हत्या. एक वजा केला की ज्यांना चौतीसने भाग जातो तेवढ्याच बघायच्या. का, ते त्यांनी मला दोनदा समजावलं. ऐकताना पटलं, घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेलं. त्यांतूनही तीन, पाच, सात अशांनी जाणाऱ्या गाळायच्या. अशी पहिली संख्या एकशे तीन. पडवीत बसून त्यांनी सतरा एकांना एकशे तीनने भागलं, एकेक पायरी काकूला मोठ्याने सांगत. शेवटी वर्गात विचारत तसं विचारलं, "बाकी किती?"

"एक," काकू म्हणाली.

"सत्तावन्न," सर म्हणाले. "ठीक आहे. पुढची."

पुढची होती एकशे सदतीस. पुन्हा सगळा भागाकार मोठ्याने. पुन्हा, "बाकी किती?"

"एक."

सरांनी पाटीकडे पाहिलं. बाकी एक होती.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत नानकटाईचा डबा घेऊन आले. इतक्या वर्षांत त्यांनी शिक्षकांच्या खोलीत कधी काही वाटलं नव्हतं, लग्नाच्या वाढदिवसाला नाही की नाताळला नाही. "काय झालं सर?" सगळे विचारायला लागले.

"हिचं उत्तर बरोबर आलं," सर म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, बाई बऱ्या झाल्या. अभिनंदनं झाली. सरांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पूर्ण वेळ घरी राहू लागले.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. पडवीत तेच दृश्य असायचं. खुर्चीत काकू, मांडीवर उजवा हात कोणीतरी ठेवल्यासारखा, समोर स्टुलावर सर, मांडीवर पाटी. तो माणूस बोलत असायचा. अखंड. "नऊने बघू. नऊ जास्त होतात, आठने बघू. आठ बसले. वरून घेतला एक." शाळेत वर्षभरात बोलले नसतील इतकं ते एका सकाळी बोलत. रोज आठ-दहा भागाकार. बाकी सांगितली की पाटी ओल्या फडक्याने पुसायची आणि पुढची संख्या. कागदावर काही नाही. मी एकदा विचारलं, "लिहून का ठेवत नाही?" तर म्हणाले, "भाग गेला नाही ते कशाला ठेवायचं? कुठवर आलो तेवढं लक्षात असलं की झालं."

मेहुणीला हे मुळीच पटत नव्हतं. काकूची आंघोळ, वेणी, भरवणं, सगळं तीच करायची. तिने मला एकदा केळीच्या बागेत गाठून सांगितलं, "बाई, तुम्ही तरी समजवा भाऊजींना. माणूस असा पडलेला आहे आणि हे पाढे म्हणत बसलेत. ती काय समजते त्यातलं? चौथीतून शाळा सोडली तिने. गाणी लावा, माऊलीची जपमाळ म्हणा तिच्यासाठी. तर नाही."

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं असं मलाही वाटे. पण एकदा मी बसले असताना दारात रिक्षा थांबली आणि सरांचं लक्ष तिकडे गेलं. बाकी सांगायची राहिली. त्यांनी पाटी पुसून पुढची संख्या लिहायला घेतली. काकूने डाव्या हाताचा पंजा खुर्चीवर जोरात आपटला. सर दचकले. "चुकलं," म्हणाले, "चार हजार नऊशे बारा होती." काकूचा हात खाली आला.

फादर महिन्यातून एकदा आजारी माणसांना प्रसाद द्यायला घरोघर यायचे. प्रार्थना संपली की काकू म्हणायची, "एक, एक." फादर एकदा प्रेमाने म्हणाले, "खरं आहे माऊली, देव एकच आहे." ते जायला निघाले तेव्हा सर त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि तिथे अगदी नम्रपणे म्हणाले, "फादर, ती देवाविषयी बोलत नाही. तिच्या संख्येविषयी बोलते." फादर काय म्हणाले ते सरांनी सांगितलं नाही.

सरांचा एक जुना विद्यार्थी, आता पुण्यात मोठ्या कंपनीत असलेला, नाताळात त्यांना भेटायला आला होता. मीही होते. सर काय करतात ते कळल्यावर तो हसला आणि खिशातून मोबाईल काढला. "सर, हे आत्ता एका सेकंदात सांगतो. तुटते की नाही, आणि तुटत असेल तर कशाने." तो आकडे दाबायला लागला. सरांनी हात पुढे करून मोबाईलच्या काचेवर पंजा ठेवला. रागाने नाही. पोराच्या पुस्तकावर बापाने हात ठेवावा तसा.

"मला माहीत आहे रे, येतं त्यात," ते म्हणाले. "पण हिने मला विचारलंय."

त्याने मोबाईल खिशात ठेवला. जाताना काकूच्या पाया पडला.

त्याच दिवशी, तो गेल्यावर, मी सरांना विचारलं, "त्या एकशे सदतीससारखं पुन्हा कधी झालं? त्यांचं उत्तर बरोबर आलं असं?"

सर उठून दारापाशी गेले. मग आत काकू झोपल्याची खात्री करून म्हणाले, "नाही. येणारही नाही. सतरा एकांत बाकी एक उरायची तर आधीच्या सोळा एकांना पुरा भाग जायला हवा. सोळा एक कशाकशाने तुटतात ते मला ठाऊक आहे. आमच्या वाटेवर त्यातली एकशे सदतीस एवढीच होती. ती सुरुवातीलाच होऊन गेली."

"त्यांना सांगितलंत?"

"कसं सांगू? रोज मी विचारतो, बाकी किती. ती म्हणते एक. मी म्हणतो, जवळ आहे." त्यांनी पाटीची चौकट अंगठ्याने घासली. "मी हिला एक शब्द दिलाय बाई. तुझी संख्या तुटायची नाही म्हणून. पहिल्या दिवशी देऊन बसलो. गणिताच्या माणसाने असा शब्द देऊ नये."

म्हणजे ते रोज भागाकार करत होते आणि रोज भाग जाऊ नये अशी वाट बघत होते. हे मला तेव्हा कळलं. शेवट आलेला त्यांना नको होता.

वर्षं गेली. पडवीतून दिसणाऱ्या वाडीच्या टोकाला एक इमारत उभी राहिली, तिच्या गच्चीवर लोक कपडे वाळत घालायला लागले. मोगऱ्याचे वाफे मेहुणी बघायची, आता निम्मेच उरले होते. भाजक चार अंकी होते ते पाच अंकी झाले, मग सहा अंकी. काकू वाळत चालली. बोलणं होतं तेवढंच राहिलं, एक शब्द, पण त्याच्यात सरांना फरक कळायचा. तहान लागलेला एक, कंटाळा आलेला एक, मेहुणीवर चिडलेला एक. मला नाही कळायचा. मेहुणीला कळायचा, जरी ती कबूल करत नव्हती.

भाजकांनी वीस लाख ओलांडले त्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी, एक भागाकार संपवून सर बाकी सांगत असतानाच, काकूची मान कलली. सरांना वाटलं, डोळा लागला. ते म्हणाले, "दमलीस? राहिलेलं संध्याकाळी करू." आणि पाटी खाली ठेवली. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

दवाखान्यातून ती परत आली नाही.

चर्चमध्ये मिस्साला सगळं गाव होतं. पोस्टमन आला होता, त्याची सासूही आली होती. सर पहिल्या बाकावर ताठ बसले होते. कबरीवर माती टाकताना लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते रडले नाहीत, बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी विहिरीवर जाऊन पाटी धुतली, पुसली आणि कपाटावर ठेवून दिली. आणि त्यांचं बोलणं थांबलं. पूर्वी कमी होतं, आता अजिबात नाही. मेहुणी ताट वाढून ठेवायची, ते खायचे, ताट धुऊन पालथं घालायचे. हो नाही की नको नाही.

मी गेले की शेजारी बसायची. त्यांनी माझ्या घरी केलं होतं तेच मीही केलं, गप्प बसून राहिले. पण मला ते त्यांच्यासारखं जमत नव्हतं. त्यांच्या गप्प राहण्याने मला आधार झाला होता. माझ्या गप्प राहण्याने त्यांना काही होत होतं असं वाटत नव्हतं.

पाऊस संपला, मृतांच्या दिवशी कबरीवर मेणबत्त्या लागल्या, नाताळ जवळ आला. एक दिवस दुपारी मेहुणीचा फोन आला. "बाई, जमलं तर या. साफसफाई करताना ती पाटी हाताला आली. मीच दिली भाऊजींच्या हातात. म्हटलं, निदान पाढे तरी म्हणा, घरात आवाज नाही कसला. घेऊन बसलेत. करत काही नाहीत. मला भीती वाटते."

मी स्कूटर काढून निघाले. सर पडवीत स्टुलावर होते. समोर रिकामी खुर्ची. पाटीवर सतरा एक लिहिलेले होते, बाकी काही नाही. मी खुर्चीत बसणार नव्हते, पायरीवर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"वीस लाख एकाहत्तर हजार पाचशे एकोणीसवर थांबलो होतो," ते म्हणाले. इतक्या महिन्यांनी बोलल्यामुळे आवाज खरखरत होता. "मधल्या गाळल्या की पुढची सहाशे एकवीस."

ती केली. मोठ्याने, एकेक पायरी. भाग गेला नाही. बाकी सांगितली, थोडं थांबले, पाटी पुसली. पुढची संख्या लिहिली: वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. मी ऐकत होते, म्हणजे नुसता आवाज ऐकत होते. वाडीत कोणीतरी केळीची वाळलेली पानं कापत होतं. मग सरांचा आवाज हळू झाला आणि थांबला. लेखणी शेवटच्या ओळीवर होती. खाली शून्य.

त्यांनी पाटी पुसली नाही. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पुन्हा तपासलं. मग पाटी माझ्याकडे दिली. "उलट बाजूला गुणाकार करा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

मी मराठीची बाई, पण गुणाकार येतो. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस गुणिले पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. आकडे बारीक काढले तरी पाटी पुरेना, मी कडेकडेने लिहिलं. बेरीज करायला लागले. उजवीकडून पहिला आला एक. दुसरा एक. हातचे धरत धरत मी डावीकडे सरकत गेले आणि प्रत्येक रकान्यात एक येत गेला. शेवटपर्यंत. 

"तुटली," सर म्हणाले.

मेहुणी केव्हाची दारात उभी होती. "काय झालं?"

"हिची संख्या तुटली."

ती समोर येऊन जमिनीवरच बसली. पदराने तोंड पुसलं. "म्हणजे त्या दिवशी तिला काही झालं नसतं आणि संध्याकाळी बसला असता, तर..."

"त्याच संध्याकाळी निघाली असती. दुसऱ्याच भागाकाराला."

 मला सरांकडे बघवत नव्हतं, म्हणून मी पाटीकडे बघत होते.

"मग नाही बसलात ते बरं झालं," मेहुणी म्हणाली. "रडली असती ती. तिला सगळं समजत होतं. मला ठाऊक होतं."

तेव्हा सर रडले. त्यांचं रडणंही बिनआवाजाचं होतं, खांदे तेवढे हलत होते. मेहुणीने उठून पाणी आणलं. ते प्यायले. बऱ्याच वेळाने रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "आता मी तिच्याशी काय बोलू?" आणि मग आमच्याकडे वळून, जणू फार मोठी गोष्ट मागतोय अशा संकोचाने, "तुम्ही कोणीतरी बोला. काहीही चालेल."

 मेहुणी बोलली. "तुम्ही तिला बघायला आलात ना, त्या दिवशी तासभर बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही गेल्यावर आमच्या आईने तोंड वाकडं केलं. म्हणाली, मुका आहे की काय. तर ही काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, मला हाच पाहिजे. मला मध्ये कोणी थांबवणार नाही."

सरांनी मान वर केली. "असं म्हणाली?"

"असंच."

"मग?"

मेहुणी पुढे सांगायला लागली. मी निघाले तेव्हा तिचं लहानपणचं काहीतरी चाललं होतं, दोघी बहिणी अर्नाळ्याला जत्रेला चालत गेल्या होत्या आणि परत येताना काकूने चपला हरवल्या होत्या. फाटकापर्यंत मला सरांचा आवाज येत होता. मग? मग?

त्यानंतर सर दीड-दोन वर्षं राहिले. पाटीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी जायची तेव्हा संध्याकाळी पडवीत मेहुणी भाजी निवडत किंवा गजरे ओवत बसलेली असायची आणि बहिणीच्या गोष्टी सांगत असायची. सर स्टुलावर. एका हिवाळ्यात साधा ताप आला आणि ते गेले. कबर काकूच्या शेजारीच.

दफन आटोपल्यावर मी आणि मेहुणी फाटकाशी थांबलो होतो. लोक गाड्या काढत होते. ती माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, पाप म्हणून फादरांपुढे कबूल करायच्या आधी तुम्हाला सांगते. माझ्याकडच्या गोष्टी केव्हाच संपल्या होत्या. आम्ही दोघी एका घरात वाढलो, पण सांगण्यासारखं किती असणार? शेवटचं वर्षभर मी मनाने रचून सांगत होते. ती कधी अर्नाळ्याच्या पुढे गेली नव्हती, मी तिला डहाणूला नेली, कुठे कुठे नेली."

"सरांना कळलं नाही?"

"कळणारच. गणिताचा माणूस. एकदा मी तिला एकाच नाताळला दोन ठिकाणी नेलं. थांबले थोडे. बघत राहिले माझ्याकडे."

"आणि?"

"म्हणाले, मग?"